बावीस वर्षांचा जयतीर्थ

तंजावुरातल्या आपल्या मराठी मंडळींत कुणाचं लग्न जमवायचं असलं, की आधी सीतारामरावांचं दार वाजायचं. तालुका कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ, पण तोरा काय वर्णावा! गोत्रं, नक्षत्रं, जन्मतारखा, सगळं यांच्याकडे. शहाण्णव साली कॉम्प्युटर घेतला, सगळी माहिती त्यात भरली आणि उत्साहाच्या भरात जुन्या वह्या रद्दीत दिल्या. आता याला शहाणपण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

नव्याण्णव साली ऐन लग्नसराईत मशीनचा मदरबोर्ड जळाला. त्यातच ओरत्तनाडूचे बाळकृष्णराव शुक्रवारी येणार होते, मुलीसाठी, विनुतासाठी, स्थळांची यादी न्यायला. यादी नसली तर सीतारामरावांची सगळ्या बिरादरीत शोभा झाली असती.

शुक्रवारी सकाळी गल्लीतली कामाक्षी नवा बोर्ड घेऊन आली. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं तिचं. हार्ड डिस्क शाबूत आहे, तीच नव्या बोर्डाला जोडू, असं ती म्हणाली. आतली मंडळी सुखरूप येतील ना, असं सीतारामरावांनी तिला तीनदा विचारलं.

स्क्रू बसेपर्यंत पावणेअकरा झाले. मशीन सुरू झालं आणि त्यानं सगळ्यात आधी आजची तारीख विचारली. नव्या बोर्डाला बिचाऱ्याला काय माहीत! सीतारामरावांनी कॅलेंडर पाहिलं. साडेदहा ते बारा राहुकाळ.

"राहुकाळात तारीख घालायची नाही," ते म्हणाले. "पुढं चल."

कामाक्षीनं समजावून पाहिलं, पण ऐकतो कोण? तिनं कपाळावर हात मारला आणि तारीख न भरताच पुढं गेली. मग मशीननं नवीन वस्तू सापडली, आणखी एक सापडली, असा घोशा लावला. नव्या सुनेला सासरची माणसं दाखवावीत तसं चाललं होतं ते. तीनदा बंद-चालू झाल्यावर आवाज सुरू करायला लागणारी सीडी आणायला कामाक्षी दुकानात गेली.

सीतारामरावांनी घाईघाईनं लग्नाच्या मुलांची यादी उघडली. अडतीस नावांपैकी एकच उरलं होतं. टपाल कचेरीतला जयतीर्थ. एवढ्यात बाळकृष्णराव दारात हजर! आणि इथं म्हातारा घसरला. तेवढं एक नाव छापून त्यानं ऐटीत पुढं केलं, चाळून चाळून एकच ठेवलाय म्हणाला.

बाळकृष्णरावांनी चष्मा लावला. गोत्र जमत होतं, नक्षत्रही बरं होतं. मग ते थांबले.

"वय बावीस? अहो, हा माझ्या वर्गात होता. गणितात आम्ही दोघं बरोबरच नापास झालो."

सीतारामराव मटकन खाली बसले. सगळी नावं गेली, वह्याही मीच विकल्या, असं त्यांनी कबूल करून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता.

कामाक्षी परत आली, कागद पाहून खो खो हसली. तारीख न मिळाल्यामुळे मशीन एकोणीसशे ऐंशी धरून बसलं होतं. त्या हिशेबानं बाकीची पोरं अजून अर्ध्या चड्डीत होती आणि प्रोग्राम एकवीसच्या खालचं कुणी दाखवत नव्हता. बारा वाजून गेलेच होते. तिनं तारीख भरली आणि अडतीसच्या अडतीस नावं परत आली. सीतारामरावांचे डोळे भरून आले.

बाळकृष्णरावांनी नवी यादी घेतली. तिच्यात जयतीर्थ नव्हता. चाळिशीच्या वरची नावं सीतारामराव छापताना नेहमीच वगळत.

"याचं नाव आजवर किती जणांना दाखवलंत?"

"कुणालाच नाही," सीतारामराव म्हणाले.

बाळकृष्णरावांनी नवी यादी बाजूला ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझी धाकटी बहीण जयश्री अडतीसची आहे. तिचं नाव तुमच्याकडे आणायची मला लाज वाटत होती."

आता लाज वाटायची पाळी सीतारामरावांची होती, आणि ती वाटलीही. ते उठून मशीनसमोर बसले आणि जयश्रीचं नक्षत्र विचारू लागले.