न उघडता पुसलेला ड्राइव्ह

तापलेल्या कॉम्प्युटरचा धुळकट वास आला की चारकोपच्या घरातली ती दुपार आठवते. घरच्या कॉम्प्युटरवर आधीच्या दोन ऑपरेटिंग सिस्टीमच्या शेजारी मला तिसरी, हौशी लोकांनी बनवलेली सिस्टीम टाकायची होती. जागेसाठी मी एक ड्राइव्ह न उघडताच पुसला आणि ओरडलो, "आई, शेवटचा ड्राइव्ह उडवला गं, रिकामाच होता!" कोथिंबीर निवडणारी आई धावत आली. "अरे, त्यात माझ्या कथा होत्या! तीन वर्षांच्या!" माझ्या तोंडातून निघून गेलं, "तू लिहितेस?" ती हळूच म्हणाली, "लिहीत होते." त्या कथा कशाबद्दल होत्या, हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.