बाईंचं बागेतलं ऑफिस

घराला कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून, स्वतःच्याच बागेत कामाला जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सकाळचं सगळं आटोपलं की बाई इस्त्रीची साडी नेसून, हातात डबा घेऊन मागच्या दाराने बाहेर पडत. कुलूप एकदा ओढून पाहत. मग कर्दळीच्या वाफ्याला वळसा घालून चिकूच्या झाडापाशी उभ्या असलेल्या छोट्याशा खोलीत शिरत, त्या थेट संध्याकाळीच बाहेर येत. सहकारनगरातल्या आमच्या गल्लीत कोणी विचारलंच, "अहो, घरीच तर असता, कुलूप कशाला?" तर त्या म्हणत, "घरी नसते. ऑफिसला असते." त्यापुढे कोणी काही विचारत नसे.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा लातूरचा. नोकरी सॉफ्टवेअरची, तीही खोलीत बसूनच करायची. बाई एका सरकारी खात्यात आरेखक होत्या. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे हाताने काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बंगल्यात त्या आणि त्यांची धाकटी बहीण सुमनताई, अशा दोघीच राहत. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. संध्याकाळच्या चहाला बसून दिवसभरात काय झालं ते एकमेकींना सांगायचं, ही त्यांची नोकरीत असल्यापासूनची सवय. निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. एक मंडईत जाऊन येई, दुसरी वाचनालयात, आणि संध्याकाळी दोघींचं हसणं वर माझ्या खोलीपर्यंत ऐकू येई. दिवसभर मी ऐकायचो ते कॅमेरे बंद ठेवून बोलणाऱ्या सहकाऱ्यांचे आवाज. त्या हसण्याची आपण वाट पाहत होतो, हे मला ते थांबल्यावर कळलं.

सुमनताई एका हिवाळ्यात थोड्याशा आजाराने गेल्या. नातेवाईक आले, तेराव्यानंतर परतले. खालचा मजला इतका शांत झाला, की बाईंच्या स्वयंपाकघरातलं भांडं वाजलं तरी मला बरं वाटे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस बाई जिना चढून वर आल्या. "जाधव, मागे बांधकाम निघतंय. ठोकाठोकी होईल. आत्ताच सांगते, नंतर तक्रार नको."

"काय बांधताय?"

"ऑफिस."

"कोणाचं?"

"माझं. दुसऱ्याचं माझ्या बागेत कशाला बांधू?" त्या जायला वळल्या, आणि जिन्याच्या कठड्याला धरून तशाच थांबल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "दिवसभर घरातच बसलं तर संध्याकाळी घरी येता येत नाही हो."

पुढचे कितीतरी दिवस त्यांनी त्या एवढ्याशा खोलीवर एखाद्या धरणासारखी मेहनत घेतली. जन्मभर दुसऱ्यांनी योजलेलं कागदावर उतरवलेलं; स्वतःच्या मनाने काही आखण्याची ही पहिलीच वेळ. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरलेला असे. मी भाडं द्यायला गेलो की मला उभं करून समजावत. पाया खणायचा नाही, चिकूची मुळं तुटतील. म्हणून काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर लोखंडी सांगाडा. भिंती दुहेरी, मधल्या पोकळीत उष्णता अडवायला ग्लासवूल. छपराला उतार मागच्या बाजूला, म्हणजे पाणी दारात पडणार नाही. मोठी खिडकी उत्तरेला, कारण उत्तरेच्या उजेडात हाताची सावली कागदावर येत नाही. "आणि दक्षिणेला?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. "दक्षिणेला शेजारी आहेत," त्या म्हणाल्या. "तिकडे भिंतच बरी."

लोखंडी काम कसबा पेठेतल्या रफिकभाईंकडे दिलं होतं. बाईंइतकेच तेही कमी बोलणारे. दोघं तासन् तास शेजारी उभे राहून सांगाड्याकडे पाहत आणि मधूनच एखादा शब्द टाकत. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, आतून पांढरा रंग झाला. शेवटी दार बसवलं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. रफिकभाईंनी ते ओढलं, ते वीतभर उघडलं आणि चिकूच्या खोडावर आपटून थांबलं.

मी वरून खिडकीतून पाहत होतो. रफिकभाईंनी दाराकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाई, झाड सरकवू का?"

बाईंनी चटकन तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. सुमनताई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. मग रफिकभाई सामान आवरून, सरकतं दार करून आणतो असं सांगून गेले. बाई मात्र त्या अर्धवट दारापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. बाई दोन कप चहा घेऊन उभ्या होत्या. "जाधव, वेळ आहे का? एक गंमत झाली."

सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असूनही मी म्हणालो, "काय झालं?"

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, रफिकभाईंच्या आवाजाची नक्कल करून. आणि पुढे म्हणाल्या, "झाड कागदावर दाखवायचं राहिलंच माझ्याकडून. आमच्या खात्याच्या नकाशात झाडं काढायची पद्धत नव्हती. ती बुडणारच असायची." त्या हसत होत्या, हसता हसता थांबल्या. कप खाली ठेवला. "एवढी फजिती झाली, आणि घरात गेले तर सांगायला कोणी नाही. भिंतींना काय सांगू? म्हणून वर आले."

लातूरला आईला फोनवर रोज 'बरं आहे' एवढंच सांगणारा माणूस मी. म्हणालो, "रोज या." त्यावर बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रोज जिना चढवायचा असेल तर भाडं वाढवीन. त्यापेक्षा तुम्हीच खाली या. ऑफिसात दुसरं टेबल बसतं, मी मोजून पाहिलंय."

असा मी बाईंच्या ऑफिसात रुजू झालो. उत्तरेच्या खिडकीशी त्यांचा नकाशाचा फळा, दक्षिणेच्या भिंतीशी माझा लॅपटॉप. काम त्यांना फारसं मिळत नसे. हाताने काढलेला नकाशा आता कोणाला हवा असतो? कधी कोणी ओटा बदलायचा म्हणून येई, तर बाई त्या घरातल्या बाईला समोर उभं करून तिच्या कोपराची उंची मोजत आणि ओटा त्या मापाने आखून देत. काम नसेल तेव्हा पेन्सिलींना टोक करत. पण शिस्त ऑफिसची. उशीर झाला तर "आज अर्धी रजा का?" मी फोनवर साहेबांशी फार नरमाईने बोललो तर फोन संपल्यावर, "त्यांना चहा पाठवू का?" दुपारी डबे उघडायचे. बागेपलीकडच्या स्वयंपाकघरातून डब्यात भरून आणलेली ती मेथीची भाजी बाई दुरून आल्यासारख्या खात. आणि संध्याकाळी दार सरकवून आम्ही दोघंही घरी जायचो, त्या खाली, मी वर.

दोन वर्षांनी कंपनीने सगळ्यांना बंगळुरूच्या कचेरीत बोलावलं. मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. ते काम पूर्ण करून म्हणाल्या, "म्हणजे बदली झाली."

शेवटच्या दिवशी त्यांनी निरोप समारंभ केला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून बटाटेवडे, पेढे. हजर आम्ही दोघंच. वडे खाऊन झाल्यावर बाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहत भाषण केलं. "श्री. जाधव यांनी या कार्यालयात मन लावून काम केलं. त्यांचा स्वभाव मनमिळाऊ आहे, अक्षर वाईट आहे. त्यांच्या जाण्याने..." त्या खाली बसल्या. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या किती वेळ वाजवायच्या ते मला कळेना.

बंगळुरूहून मी रविवारी फोन करत असे. पहिले काही महिने त्या मोजकंच बोलत. मग एकदा त्यांचा आवाज जरा निराळा लागला. "तुमची जागा भरली, जाधव. पलीकडच्या गल्लीतल्या कुलकर्णीबाई येतात. फराळाच्या ऑर्डरी फोनवर घेतात. घरी सासूबाई झोपलेल्या, मोठ्याने बोलता येत नाही त्यांना. इथे दिवसभर बोलतात."

"त्रास होत असेल तुम्हाला."

"होतो की. पण बोलतात."

मला आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे कोण आहे?"

"भरपूर आहेत," मी म्हणालो. "आमच्या एका मजल्यावरच दोनशे माणसं बसतात."

"किती आहेत ते नाही विचारलं. कोण आहे ते विचारलं."

मला एकही नाव सांगता आलं नाही. मग बाई म्हणाल्या, "बरं. सापडलं की कळवा."

सापडायला मला वर्ष लागलं. शेजारच्या टेबलावरचा हुबळीचा एक गृहस्थ, माझ्यासारखाच दुपारी पडद्याकडे पाहत जेवणारा. एकदा मीच त्याला विचारलं, डब्यात काय आहे? तेव्हापासून आम्ही एकत्र जेवतो.

बाईंना मात्र हे कळवता आलं नाही; त्या आदल्याच महिन्यात वारल्या होत्या.