ओव्हनमधली माणसं

काही घरांत जुनी भांडी साठतात, काहींत औषधं. आमच्या पनवेलच्या घरात किस्से साठतात आणि सगळे नाताळच्या कुकीजचे. सांगितले तर लोक हसतात. मीही हसायचे. आता जरा जपूनच हसते.

माझ्या सासूबाई, म्हणजे मम्मी, दर नाताळला सुंठ-गुळाच्या कुकीज करतात. पण साच्याने नाही, सुरीने कापून. घरातल्या प्रत्येकाचं एक माणूस! पप्पांचं ढेरीवालं, माझ्या नवऱ्याचं, म्हणजे विनयचं, लंबूटांग. ख्रिसमसला चर्चहून आल्यावर ज्याने त्याने स्वतःला खायचं, असा रिवाज.

माझ्या माहेरी केकमध्ये अंडं आहे म्हटलं तरी बशी वेगळी ठेवायचे. लग्नानंतर पहिल्याच डिसेंबरात मम्मी किचनमधून ओरडल्या, "अगं, माणसं काढ, करपतील!"

मी हातातलं सगळं टाकून धावले!

* * *

त्या वर्षी माझ्या माणसाचं पोट टम्म फुगलं. बाकी सगळे सपाट. मी वैतागले. "मम्मी, मी एवढी जाड दिसते?"

"मी सडपातळच कापली होती गं," मम्मी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

पुढच्या महिन्यात डॉक्टरबाईंनी पेढे मागितले.

* * *

एकदा ट्रे काढताना विनयचा पाय मोडला. कुकीचा हो! पप्पांनी आयसिंगचा जाड थर देऊन तो चिकटवला. चारच दिवसांत विनय पळस्प्याला बाइकवरून घसरला आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पांढरं प्लास्टर घालून घरी आला. तोच पाय.

पप्पा बराच वेळ त्या प्लास्टरकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "आयसिंग जरा जास्तच झालं का रे?"

* * *

हे सगळं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते घरी येऊन मम्मींना बरंच बोलले. अंधश्रद्धा आहे, बंद करा. मम्मींनी "बरं" म्हटलं, चहा दिला आणि त्यांचंही एक माणूस केलं. आदर म्हणून!

ख्रिसमसच्या उपासनेला पाळकसाहेब उभे राहिले, तर घशातून आवाजच फुटेना. नुसती हवा. मम्मींनी माझा दंड घट्ट धरला.

"गडबडीत त्यांना तोंड करायचं राहिलं गं," त्या कुजबुजल्या.

* * *

गेल्या वर्षी मात्र कुणालाच हसू येत नव्हतं. माझा धाकटा दीर सॅम बोटीवर नोकरीला आहे. आठवडाभर त्याचा फोन नव्हता. कंपनी म्हणे, समुद्रात वादळ आहे, संपर्क होत नाही. मम्मी कणीक मळून नुसत्या बसून होत्या. सॅमचं माणूस करायची भीती, आणि न करायची त्याहून जास्त.

शेवटी केलं. सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

ट्रे काढला तर सगळे खमंग, तांबूस. सॅम तेवढा ओला. कच्चा नव्हे, ओला. खाली पाणी साचलेलं. मी बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट! आम्ही मिठाचा कणही घातला नव्हता.

मम्मींनी त्याला एकट्यालाच परत आत ठेवलं आणि ओव्हनसमोर स्टूल ओढून बसल्या. ओठ हलत होते.

"मम्मी, करपेल तो," मी म्हटलं.

"करपू दे. ओला नको."

दुपार टळली तरी त्या उठल्या नाहीत, ओव्हन बंद करू दिला नाही. घरभर जळक्या गुळाचा वास सुटला. तेवढ्यात फोन वाजला. पप्पांनी स्पीकरवर टाकला.

"मम्मी, सॅम बोलतोय. घाबरू नको. लाटेनं पाण्यात फेकलो गेलो होतो, पण बोटीवरच्या मुलांनी काढलं बाहेर."

मम्मी ढसाढसा रडायला लागल्या. "आता कसा आहेस रे बाळा?"

"नुसता कुडकुडत होतो. ब्लँकेटं घातली, हीटर लावला, तरी थंडी जाईना. आता मात्र बंद केलंय सगळं, तरी जाम उकडतंय गं! अंग भाजून निघतंय."

मी झडप घालून ओव्हन बंद केला. दार सताड उघडलं.

फोनवर सॅमने मोठा श्वास सोडला.

"हां... आता बरं वाटतंय."