मुसांसारखा नबी आणि काकांची गादी

आम्ही मुसलमान पिंजारी. अब्बा खांद्यावर धनुष्यासारखी पिंजण टाकून विसरवाडीच्या आसपासच्या गावांत फिरायचे. लोकांच्या अंगणात बसून गाद्यांतला दबलेला कापूस मोकळा करायचे. काम फक्त हिवाळ्यात. पाऊस लागला की अम्मी हायवेवरच्या हॉटेलात भांडी घासायची आणि आम्ही भातावर तिखट-मीठ टाकून खायचो. शाळेत गेलेलं घरात कोणी नव्हतं. अब्बांच्या छातीत कापसाची धूळ बसली होती, तिचा खोकला बाराही महिने.

शेजारच्या गावातले कोकणी आदिवासी जमातीतले एक ख्रिस्ती शेतकरी अब्बांचे दोस्त. मी त्यांना काका म्हणायची. दर हिवाळ्यात त्यांची गादी पिंजताना दोघांचा एकच वाद. मुसांनी, म्हणजे काकांच्या मोशेनं, तौरातमध्ये, म्हणजे बायबलच्या सुरुवातीच्या भागात, सांगून ठेवलंय, माझ्यासारखा नबी तुमच्या भावांमधून येईल. ते भाऊ म्हणजे इस्माईलची औलाद, अरब, आणि तो नबी म्हणजे आमचे पैगंबर. हे अब्बांनी मशिदीत ऐकलेलं. तो येशूच, हे काकांनी चर्चमध्ये ऐकलेलं.

"तुन्ही किताबमा लिखेल शे, दादा," अब्बा म्हणायचे.

"लिखेल शे, पन तुन्हा करता नही!"

पिंजण वाजू लागली की वाद थांबायचा. अब्बांनी हात थांबवला की पुन्हा सुरू. काकी आतून ओरडायच्या, "आधी गादी भरा! यांना काय जमिनीवर झोपवू?"

वाचता मात्र दोघांनाही येत नव्हतं. मी सातवीत गेल्यावर अब्बा मला सोबत घेऊन गेले. काकांनी फडक्यात गुंडाळलेलं मराठी बायबल काढलं. अब्बांनी मला हात धुवायला लावले. ती जागा मी अडखळत वाचली. दोघं एकदमच म्हणाले, "देख!"

मी पुन्हा वाचलं. पुन्हा दोघंही खूश.

"पोर लहान शे," काका म्हणाले. "कालेज करू दे. मंग ती फैसला करी."

"करीच!" अब्बा म्हणाले.

पुढे नातेवाईक माझ्या लग्नाचं बोलले की अब्बा एवढंच सांगायचे, "उसके जिम्मे एक काम है."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला अब्बा गेले. पिंजण भिंतीवर टांगलेली राहिली.

पास झाल्यावर मी काकांकडे गेले. ते त्याच गादीवर पडून होते. कापसाच्या गाठी झालेल्या, पण यंत्रावर पिंजायला त्यांनी ती कोणाला उसवू दिली नव्हती. म्हणाले, "भाईना हातना टाका शेतस."

त्या जागेबद्दल कॉलेजात वाचलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. 'भाऊ' त्या ग्रंथात कधी आपल्याच कुळातले, तर कधी वेगळ्या वंशातले. म्हणून दोन्हीकडचे विद्वान आपापलं धरून बसलेत. "फैसला मला जमला नाही, काका. पण अब्बांचं म्हणणं खुळं नव्हतं. मी त्यांचंच मानते."

"मान. मी मन्हंच मानस. पन आते भांडू कोनसंगे?"

मी उठून हात धुतले आणि ती जागा त्यांना वाचून दाखवली. या वेळी अडखळले नाही. काकांनी "देख" म्हटलं नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.