आरशाकडे वळलेलं धान

लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात मी घटातल्या धानावर उपचार केले होते, हे नातीला सांगताना आजही माझी मलाच लाज वाटते. देवघर अंधारं. चौथ्या दिवशी परडीतल्या मातीतून गहू वर आले ते पिवळेधमक. मला वाटलं, कावीळच झाली! आता आरतीला येणाऱ्या बायका म्हणणार, नव्या सुनेचा पायगुण. घट हलवायचा नसतो, एवढं ठाऊक होतं. मग होती नव्हती ती अक्कल चालवली आणि रुखवतातला आरसा समोर टेकवून बाहेरच्या खोलीच्या खिडकीतलं ऊन धानावर पाडलं. दोन दिवसांत धान हिरवं झालं आणि मी शेफारले. आठव्या दिवशी पाहते तर सगळं धान देवीकडे पाठ करून आरशाकडे वाकलेलं!

परडीतले पिवळे कोंब पाहिले की आता हसू येतं. अंधारातलं रोप आजारी नसतंच मुळी. हिरवं व्हायचं काम ते पुढं ढकलतं आणि सगळी ताकद उंच होण्यात घालतं, वर कुठेतरी उजेड असेल या भरवशावर. उजेड दिसला की सावलीकडची बाजू जास्त वाढते आणि रोप मान वळवतं. डोळे नसून त्याला दिशा कळते. मला दोन असून कळली नव्हती.

त्या संध्याकाळी बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मी रडवेली झाले होते. सासूबाईंनी परडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, आता आरसा काढू नकोस. बिचाऱ्यांना पुन्हा मान वळवायला नको. देवीला मी सांगते, पोरं जरा नटवी निघालीत म्हणून."