भीमराजने तीनदा विचारलं

जामखेडच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात पाच मशिनं होती आणि ती चालू ठेवणारा माणूस एकच, भीमराज खरात. आधी तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. इंग्रजी त्याचं माझ्यासारखंच, अडखळत. फरक एवढाच की मला जे येत नसे ते मी लपवायचे आणि तो सरळ विचारायचा. मी तिथे टायपिंग शिकवायचे, लग्नपत्रिका टाइप करून द्यायचे, आणि माधुरी मॅडम म्हणवून घ्यायचे.

माझा पहिला धडा ठरलेला. पोरी मशीनला हात लावायला भ्यायच्या, म्हणून मी सांगायचे, "स्क्रीनवर इंग्रजीत खिडकी आली की घाबरायचं नाही. ओके दाबायचं, संपलं." सगळ्या हसायच्या. निम्मा तालुका माझ्याकडून हे शिकून गेला.

सन नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात मालक गोरक्षनाथशेठ यांनी इंटरनेट घेतलं. फोनची वायर एक नंबरच्या मशीनला होती, आणि तेच मशीन बाकीच्यांना पत्ते वाटायचं. पत्ता म्हणजे एक लांबलचक आकडा. तो नीट मिळाला तरच मशीनला एक नंबरमार्फत बाहेरच्या जगात जाता येई.

भाद्रपदात घोळ सुरू झाला. एक दिवस सगळं सुरळीत, दुसऱ्या दिवशी ठप्प. पत्ता मिळालेला दिसायचा, पण त्यावरून बाहेर काही जायचं नाही. भीमराजने वायरी बदलल्या, कार्डं काढून खोडरबराने घासली, रोज वहीत लिहिलं, आज चाललं, आज नाही. तो आला की सगळी मशिनं बंद करून एक नंबरपासून पुन्हा लावायचा, माझं तीन नंबर तेवढं मी लावायचे, आणि गाडी रुळावर यायची.

किल्ली आम्हा दोघांकडेच होती. एके दिवशी वही घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला.

"ताई, तुमी उघडता त्याच दिवशी बंद पडतंय. सकाळी स्क्रीनवर काय आलं हुतं का? एखादी खिडकी?"

"काही नाही आलं," मी म्हणाले. मला रागच आला होता. हा कोण माझ्यावर आळ घेणारा?

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं. नंतर आणखी एकदा. तिसऱ्यांदा मी त्याच्याकडे न बघताच नाही म्हणाले. मी खोटं बोलत होते असं नाही. मला खरंच वाटत होतं की काही आलेलं नाही.

शेठनी मात्र आपलं गणित मांडलं. "हा असला की चालतं, नसला की बंद. पाचर यानंच मारून ठेवलीय. आपल्यावाचून पान हलू नये म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"असेलही," मी म्हणाले. दुसऱ्या कुणाबद्दल शेठ इतक्या चटकन असं बोलले असते का, हे मी आज विचारते. तेव्हा विचारलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठनी त्याच्याकडे किल्ली मागितली.

"शेठ, म्या काय केलेलं न्हाई," तो म्हणाला. "एक नंबर गप पडलं तरी बाकीच्यांना पत्ता मिळतोय. मग देतंय कोन? ह्या खोलीत पत्ते वाटनारी दोन मशिनं हायेत असं मला वाटतंय. दोन दिवस द्या."

"वायर एक, आणि वाटणारे दोन?" शेठ हसले. भीमराजने किल्ली टेबलावर ठेवली. जामखेड केवढं ते! संध्याकाळच्या आत बाजारपेठेत झालं, खरात मशीन बिघडवून ठेवतो म्हणून. टीव्हीवाल्यांनीही त्याला दारात उभं केलं नाही.

दिवाळीनंतर पुण्याचा इंजिनिअर आला. मी नेहमीसारखं आधी माझं तीन नंबर चालू केलं, पत्रिका उघडली आणि मग एक नंबर लावलं. खिडकी आली. मी ओके दाबलं.

"थांबा," तो म्हणाला. "काय होतं ते?"

"काही नाही, नेहमीचंच."

त्याने मशीन पुन्हा लावून खिडकी वाचली. हाच पत्ता या जाळ्यातलं दुसरं एक मशीन वापरत आहे, असं लिहिलं होतं. दहा मिनिटांत त्याने दुसरं मशीन शोधलं. ते माझंच होतं. श्रावणात विजेच्या झटक्याने एक नंबर बंद पडलं, तेव्हा पंधरा दिवस फोनची वायर माझ्या मशीनला लावली होती, आणि नगरहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने त्यालाही पत्ते वाटायला लावलं होतं. भीमराज तेव्हा वडिलांच्या, रंभाजींच्या आजारपणात गावी होता. वायर परत गेली, वाटणं तसंच राहिलं. जे आधी चालू होईल ते मालक आणि दुसरं गप्प. तो एक नंबर आधी लावायचा, मी माझं. तो असला की खिडकी माझ्या मशीनवर यायची, आणि तिथेही मी ओके दाबायचे.

शेठ म्हणाले, "चला, सुटलं एकदाचं." भीमराजला परत बोलवायचं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि मी सुचवलं नाही. मला माझी लाज उघडी पडायला नको होती.

त्याच्याकडे जायला मला महिना लागला. देवळाली प्रवराच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळीत तो आणि त्याची बायको भागिरथी सापडले. बोटं फाटलेली, मानेवर पाचटाचे ओरखडे. मी सगळं सांगितलं. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं मला.

"तीनदा इचारलं हुतं, ताई," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "काय लिव्हलं हुतं त्या खिडकीत? नीट सांगा."

मी सांगितलं. त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"म्हंजी दोन हुते." तो भागिरथीकडे वळला. "म्या म्हनलं हुतं ना तुला, दोन हायेत म्हनून?"

"म्हनलं हुतं तुमी," ती ऊस तोडता तोडता म्हणाली. "आता मोळी उचला, ट्रक उभा हाय."

त्याने मोळी डोक्यावर घेतली आणि तो ट्रककडे गेला.