डेनिसचा राहिलेला निरोप

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी नुकतंच सामान फ्रीजमध्ये लावून संपवलं होतं. नर्सनं माझं नाव विचारलं, मग "तुम्ही पेशंटच्या नातेवाईक का?" असं विचारलं. मी म्हटलं, शेजारीण. ती जराशी थांबली आणि म्हणाली, "कागदावर तुमचाच नंबर आहे..." त्या थांबण्यातच मला कळलं. आमचे शेजारी डेनिस गेले. वय अडुसष्ट, बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. तासाभरापूर्वी मी त्यांच्या कॉटशेजारी बसले होते. आता दीड महिना होऊन गेला, पण तो एक तास काही माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

आम्ही श्रूजबरीत घर घेतलं ते फेब्रुवारीत. फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्समध्ये घर बदलू नये एवढी अक्कल आम्हाला नव्हती. पहिल्याच सकाळी गुडघाभर बर्फ, आणि आमच्याकडे फावडं म्हणून एक केर भरायची सुपली! खिडकीतून पाहते तर लाल चेहऱ्याचा एक उंच माणूस आमचं अंगण साफ करून परतीला लागलेला. मी धावत जाऊन चहाला बोलावलं. "नको नको, तुम्हाला कशाला त्रास," तो म्हणाला. माझे यजमान अमेरिकेत मुरलेले, ते "ओके, थँक्यू सो मच" म्हणून दार लावायला निघाले. मी त्यांना कोपर मारलं आणि पुन्हा म्हटलं, अहो, टाकलाय चहा. पुन्हा नको. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा "बरं, अर्धा कप" असं म्हणत ते आत आले आणि चांगले दोन कप चहा पिऊन आणि चार शंकरपाळे खाऊन गेले. मला वाटलं, हा माणूस आमच्या सांगलीकडचाच असणार.

हेच शेजारचे डेनिस, मूळचे आयर्लंडचे. त्यांच्या आईच्या घरी म्हणे पहिल्या विचारण्याला कुणी 'हो' म्हटलं तर आठवडाभर त्याची चर्चा व्हायची. "अमेरिकेत आलो तेव्हा मी सवयीनं नको म्हणायचो आणि लोक खरंच ताट उचलून न्यायचे," ते सांगत. "पहिलं वर्ष मी उपाशीच काढलं." माझी मुलगी इरा तेव्हा पाच वर्षांची होती. ती त्यांना डेनिसकाका म्हणायची, आणि त्यांना मोजून तीनदा विचारायची. मोठी झाल्यावरही तिनं ते सोडलं नाही.

टाउनचा बर्फ काढणारा ट्रक ते चालवत. त्याआधी काय करत होते, हे कळायला मला दोन वर्षं लागली. नोव्हेंबरमध्ये माजी सैनिकांच्या दिवशी आमच्याकडे मिरवणूक निघते. म्हातारे सैनिक टोप्या घालून गाडीत बसतात, पोरं झेंडे हलवतात. डेनिस फुटपाथवर उभे होते, हात कोटाच्या खिशात. खिशातून निळ्या कापडाची कड डोकावत होती. मी विचारलं, तेव्हा त्यांनी ती बाहेर काढली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी! आयर्लंडच्या सैन्यात ते नऊ वर्षं होते. आधी घरच्या सीमेवर रस्त्यात गाड्या तपासायचं काम, मग दोन वेळा लेबनॉनमध्ये, दोन भांडणाऱ्यांच्या मधे उभं राहायचं काम. "बंदूक असून न चालवणं, हीच आमची नोकरी," ते म्हणाले. तिथल्या खेड्यातली पोरं त्यांच्याकडून इंग्रजी शिकली, आणि थेट डेनिसच्या जिल्ह्याच्या हेलात बोलायला लागली, हे सांगताना ते पोट धरून हसत. मी म्हटलं, मग तुम्ही का नाही मिरवणुकीत? "मी दुसऱ्या देशाचा सैनिक, ही त्यांची मिरवणूक," असं म्हणून त्यांनी टोपी खिशात घातली. मला राग आला होता. कुणाचा, ते कळलं नाही.

फिंटनचं नाव मी ऐकलं ते त्यांची बायको गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. दर नाताळात आयर्लंडहून एक कार्ड यायचं, तेवढं एकच ते फ्रीजवर लावत. त्या दुपारी चहा पिताना त्यांनी ते काढून माझ्यापुढे ठेवलं. आत दोनच ओळी होत्या. 'या वर्षी तरी घरी ये. फिंटनबद्दल बोलू. ब्रेंडन.' फिंटन हा त्यांच्या तुकडीतला एकवीस वर्षांचा सैनिक, ब्रेंडन त्याचा थोरला भाऊ. लेबनॉनमध्ये टेकडीवरच्या चौकीवर त्या दिवशी पाळी होती डेनिसची. त्यांची दाढ ठणकत होती, गाल सुजून लाडू झाला होता. फिंटननं आरसा आणून त्यांना त्यांचंच तोंड दाखवलं, मनसोक्त हसला, आणि "मी जातो तुझ्या जागी" म्हणून डबा उचलून टेकडी चढून गेला. दुपारी चौकीवर तोफगोळा पडला.

"फिंटनच्या घरच्यांना हे माहीत नाही," डेनिस म्हणाले. "सैन्याच्या पत्रात फक्त तो ड्युटीवर होता असं लिहिलेलं. मी दर वर्षी ठरवतो, सांगायचं. आणि दर वर्षी लिहितो, पुढच्या वर्षी येतो." त्यांनी कार्ड पुन्हा फ्रीजवर लावलं. "मरायच्या आधी सांगायला हवं मला." मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

या वर्षी फुप्फुसांनी दगा दिला. हॉस्पिटलमध्ये चौथ्या दिवशी त्यांचा मला फोन आला, येताना फ्रीजवरचं कार्ड घेऊन ये. कार्डावर खाली ब्रेंडनचा नंबर होता. मी दुसऱ्या दिवशी खरेदी आटपून तशीच गेले, कार्ड त्यांच्या उशाशी ठेवलं आणि विचारलं, "लावू का फोन?"

"नको, त्याची चहाची वेळ असेल."

"दोन मिनिटांचं तर काम."

"नको गं, तुला घरी जायचंय."

ते माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हाही मला दिसलं होतं. माझ्या गाडीत मटारची पाकिटं वितळत होती. मी म्हटलं, बरं, उद्या लावू. फोन पर्समध्ये टाकला आणि निघाले.

डेनिस गेल्यावर दोन दिवसांनी इरा देशाच्या दुसऱ्या टोकाहून, बॉथेलहून आली. मी तिला म्हटलं, त्यांना कार्ड हवं होतं, पण फोनला नको म्हणाले बिचारे. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, हाऊ मेनी टाइम्स डिड यू आस्क?"

मी चहा टाकायला उठले. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

दफन झालं. त्याच कार्डावरच्या नंबरवर मी ब्रेंडनना फोन केला आणि सगळं सांगितलं. दाढ, आरसा, डबा, टेकडी. "चाळीस वर्षं," ते शेवटी म्हणाले. "पत्ता होता त्याच्याकडे. दर वर्षी कार्ड पाठवत होतो मी." आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. डेनिसनी ज्याला घाबरून आयुष्य काढलं, ते असंच झालं असतं. पण झालं असतं तर डेनिसच्या हयातीत झालं असतं, आणि ते त्यांना चाललं असतं, असं मला आता वाटतं.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, ब्रेंडनचाच फोन आला.

"तो हसत गेला म्हणालात. नक्की?"

"नक्की. डेनिसना ते हसणं विसरता आलं नाही."

"आई जाईपर्यंत विचारायची, त्याचा शेवटचा दिवस कसा गेला असेल. आम्हाला तेवढंच हवं होतं हो. दाढ काय, कुणाचीही दुखते." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "डेनिसजवळ कोण होतं शेवटी?"

'मी होते' म्हणणं फार सोपं होतं. तासाभराचा तर फरक, आणि समुद्रापलीकडून कोण तपासायला येणार? डेनिसना चाळीस वर्षं काय झालं असेल, ते मला त्या एका क्षणात कळलं.

"कोणी नव्हतं," मी म्हटलं. "मी घरी निघून गेले होते. त्यांना तुमच्याशी बोलायचं होतं, मला ते दिसत होतं, आणि तरी मी फोन लावला नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता पुन्हा फोन ठेवतील.

"उद्या मी कबरीवर जाईन," ब्रेंडन म्हणाले. "डेनिसचा निरोप आलाय म्हणून फिंटनला सांगेन."

मी रडत होते. तसंच विचारलं, "राग गेला का तुमचा?"

"नाही," ते म्हणाले. "पण उद्या कबरीवर जाईन."